बिनकाट्याचा रावस

माईंनी भाऊंच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, मानेमागची गाठ नीट केली आणि पेजेची वाटी त्यांच्यासमोर ठेवली. मग स्वतःचं ताट घेऊन त्या बरोबर त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"आज पापलेट आहे हो," त्या म्हणाल्या. "हलवाही आला होता, पण डोळे बसले होते त्याचे. पापलेट मात्र अगदी सकाळचं. हात लावला तर बोट उमटत नव्हतं."

भाऊंनी मान जराशी उचलली. त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता. उजवा मांडीवर पडलेला, कुणी तिथे आणून ठेवल्यासारखा. माईंनी पापलेटाची तुकडी उचलली, वरचा कुरकुरीत रवा दाताखाली फोडला आणि शांतपणे चावत राहिल्या. काटा निघाला की तो ताटाच्या कडेला ठेवायच्या, दुसऱ्या काट्याला लागून, ओळीत. मी भाऊंना चमच्याने पेज भरवत होते. त्यांची नजर चमच्यावर नव्हती.

"आंबट जरा कमी पडलंय," माई म्हणाल्या. "तुम्ही खाल्लं असतंत तर लगेच म्हणाला असता."

त्या वेळी मला ते प्रेम वाटायचं.

लग्न होऊन मी अलिबागला दिघ्यांच्या घरी आले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शिरीष मुंबईला नोकरीला. सोमवारी पहाटेच्या लाँचने जायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा. मी इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवत होते. आठवडाभर घरात आम्ही तिघंच, मी, माई आणि भाऊ. भाऊ म्हणजे माझे सासरे. वकिली उत्तम चाललेली, पण गावात त्यांचं नाव वकिलीपेक्षा खाण्यासाठी जास्त होतं. बाजारात त्यांना येताना पाहून कोळिणी शिळा माल टोपलीखाली सारायच्या, असं सगळे हसत सांगायचे. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुकड्यातुकड्यांत उरलं, आणि गिळताना ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी सगळं बंद करून दाट पेज सांगितली.

माईंनी त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं, पेज भरवणं सोडलं तर काही म्हणता काही मला करू दिलं नाही. आणि रोज संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवून टेबलाशी आणायच्या, त्यांच्या जुन्या जागेवर. वाराचे दिवस सोडले तर रोज मासे. शेजारच्या गुप्तेकाकू म्हणायच्या, "सेवा करावी तर माईंनी. नवऱ्याला एक दिवस एकट्याने जेवू दिलं नाही." मलाही तसंच वाटायचं. जिभेला नाही मिळत तर निदान कानांना मिळू दे, म्हणून बिचाऱ्या एवढं वर्णन करून सांगतात.

चैत्र लागला होता. शाळेतून येताना भाऊंची औषधं आणायला मी डॉक्टर सबनीसांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "मग? मासे खाऊन खूश झाला असेल म्हातारा."

"मासे?" मी म्हटलं. "भाऊ पेजच घेतात अजून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अजून? अहो, होळीच्या आधीच सांगितलंय मी वहिनींना. गिळणं खूप सुधारलंय. मऊ भात, मासा, सगळं चालेल. फक्त काटा नको. उलट मासा द्याच, वजन किती उतरलंय बघा त्यांचं."

मी घरी येताना वाटभर विचार करत होते. माई घाबरल्या असणार, असं मला वाटलं. मागे एकदा ठसका लागून भाऊ काळेनिळे पडले होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घाबरलेल्या माणसाला सांगत बसण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं. आणि दिवसही तसाच होता. माईंच्या चुलतबहिणीच्या सुनेचं रेवदंड्याला डोहाळजेवण होतं. त्या दुपारीच गेल्या होत्या, रात्री तिथेच राहून सकाळी येणार होत्या. भाऊंजवळ गुप्तेकाकू बसल्या होत्या.

मी तशीच बाजारात गेले आणि रावस घेतला.

"काटा काढून देशील?" मी कोळिणीला विचारलं.

"काटा काढून?" ती कोयत्यावरचा हात थांबवून हसली. "दिघ्यांच्या घरात कधीपासून असा मासा खायला लागले, बाय?"

"भाऊंसाठी आहे."

तिचं हसू गेलं. तिने मग मधला काटा अख्खा काढला, साल काढली, आणि तुकड्यांवरून बोट फिरवून लपलेले बारीक काटेही उपसून टाकले.

मला माशातलं फार काही येत नव्हतं. माझं माहेर पुण्याचं. पण वसतिगृहात असताना एका मैत्रिणीने एक झटपट प्रकार शिकवला होता, तेवढा जमायचा. तुकड्यांना मीठ, हळद, लसूण आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवायचं. धणे, मिरी आणि चिमूटभर बडीशेप तव्यावर गरम करून खलबत्त्यात भरड कुटायची, पीठ होऊ द्यायचं नाही. त्यात तिखट आणि मूठभर तांदळाचं पीठ मिसळायचं आणि मासा त्यात दाबून दाबून घोळवायचा. मग थोड्या तेलावर ठेवायचा आणि हलवायचा नाही. हलवला की मसाला तव्याला राहतो.

गुप्तेकाकू घरी गेल्यावर मी भाऊंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आणली होती. तवा चुरचुरायला लागला आणि धण्यांचा वास सुटला, तसा त्यांच्या घशातून आवाज आला. मी वळून पाहिलं. ते खुर्चीत पुढे झुकले होते.

"तुमच्यासाठीच आहे, भाऊ," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांना ते खरं वाटलं नसावं. मी ताट समोर ठेवलं तरी ते ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. मी मसाल्याचा थर चमच्याने बाजूला सारला, आतला पांढरा मऊ मासा कुस्करला आणि भातात कालवून पहिला घास दिला. ते कितीतरी वेळ घास तोंडात घोळवत राहिले. मग गिळला. ठसका लागला नाही.

"ते," ते म्हणाले. डाव्या हाताचं बोट बाजूला सारलेल्या मसाल्याकडे होतं. "ते… ते."

मी तो चुरून बारीक केला आणि पुढच्या घासात घातला. त्यांचे डोळे भरून आले. डाव्या डोळ्यातलं पाणी गालावरून सरळ खाली आलं, उजवीकडचं वाकड्या ओठांत शिरलं. मीही रडले थोडी. खरं सांगते, त्या घरात आल्यापासून मला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

फाटक वाजलं ते मी ऐकलं नाही. माई दारात उभ्या होत्या. अंगावर जरीची साडी, हातात ओटीच्या नारळाची पिशवी.

"माई! तुम्ही उद्या येणार होता ना?"

"नाही राहवलं तिथे," त्या म्हणाल्या. त्यांची नजर ताटावर होती. "काय चाललंय हे?"

"डॉक्टर म्हणाले, मासा चालेल. तुम्ही उगाच घाबरत होता. बघा, काही झालं नाही."

"मला माहीत आहे चालेल ते. मला होळीच्या आधीच सांगितलंय त्यांनी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, ओशाळेपणाही नव्हता. "मग…" एवढंच मी म्हटलं.

माईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि रोजच्या जागी, भाऊंच्या समोर बसल्या.

"शिरीषच्या आधी मला दिवस होते," त्या म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं नसेल. ह्या घरात ते कुणी बोलतच नाही. मला माशाचा वास सहन होत नव्हता. कोळीण दारात आली की मी परसात पळायचे. सासूबाई म्हणाल्या, तू करू नकोस, मी करते. तर ह्यांनी सांगितलं, हिच्याच हातचं पाहिजे. करायचं, वाढायचं, आणि मी जेवून उठेपर्यंत समोर बसायचं. तोंडाला पदर लावायचा नाही. माझ्या घरात माशाला नाक मुरडलेलं चालणार नाही."

भाऊंच्या तोंडातला घास तसाच होता.

"रोज बसवलं. मी हुंदके देत बसायचे आणि हे सावकाश जेवायचे. मुद्दाम सावकाश. मित्रांनाही बोलवायचे कधी कधी. बघा म्हणायचे, आमच्या बायकोची सोवळी जीभ. एक दिवस उलटी आवरेना म्हणून उठले, तर मनगट धरलं. बस म्हणाले. मी हिसडा देऊन सुटले आणि मागच्या पायऱ्यांवरून पडले ती धुण्याच्या दगडावर. पाचवा महिना होता."

"माई," मी म्हटलं.

"सुईण येऊन गेली. मी आत पडले होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, सासूबाईंना विचारत होते. मूल कसं, मी कशी, नाही विचारलं. 'मग आज जेवायला काय?' असं विचारलं."

खोलीत नुसता तव्यावरच्या तेलाचा आवाज होता. मी गॅस बंद करायला विसरले होते. तो बंद करून वळले तेव्हा भाऊ माईंकडे बघत होते. त्यांनी घास कसाबसा गिळला, ओठ हलवले. शब्द येईना. मग एकेक अक्षर ओढत काढल्यासारखं त्यांनी विचारलं, "मुल…गा? का… मुलगी?"

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते काय होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

"सांगणार नाही," त्या म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "भरव त्याला. गार होतंय."

मी भाऊंना झोपवून परसात गेले तेव्हा माई साडी बदलून पायरीवर बसल्या होत्या.

"तुला वाटतं मला मासे आवडतात?" त्यांनी वळून न बघताच विचारलं. "त्या दिवसापासून चव नाही घेतली मी कधी. वाढत आले, खाल्ले नाहीत. आता इतके महिने खाते ते त्याच्यासमोर बसता यावं म्हणून. जेवून उठले की इथे मागे येऊन ओकून टाकते."

मी त्यांच्या शेजारी बसले. मी विचारलं, "काय होतं, माई?"

"मुलगी," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी फडक्यात गुंडाळून नेली, त्यांना वाटलं मी शुद्धीत नाही. बोटं होती गं तिला. इतकी इतकी."

"भाऊंना सांगा ना. आता विचारलंय त्यांनी."

"नाही." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "आणि तूही सांगायचं नाहीस."

त्यानंतर माई टेबलाशी बसायच्या बंद झाल्या. मासेही खाईनाशा झाल्या. भाऊंच्या जेवणाचं सगळंच माझ्याकडे आलं. मी शाळेतून येताना मासा आणायचे, तसाच मसाला दाबून भाजायचे. पण भाऊ खाईनात. पहिले दोन-तीन घास घ्यायचे आणि तोंड मिटायचे. माई जवळून गेल्या की त्यांचा पदर डाव्या हाताने पकडायचे. "मुलगा… का?" एवढंच विचारायचे. माई पदर सोडवून घ्यायच्या. "जेवा," म्हणायच्या. कधी कधी नुसत्या हसायच्या.

शनिवारी शिरीष आला तेव्हा भाऊंनी त्याला जवळ बसवून घेतलं. डाव्या हाताने त्याचा चेहरा चाचपला, खांदा चाचपला, जणू त्याच्या मापाचं आणखी कुणी शोधत होते. मग मोठ्याने रडायला लागले. शिरीष घाबरला.

"काय झालंय यांना? वृंदा, काही बोललीस का तू?"

"ह्या आजारात होतं असं," माई दारातून म्हणाल्या. "रडू येतं उगाचच."

मला ते बघवत नव्हतं. केलं ते भयंकरच केलं होतं ह्या माणसाने. पण इतक्या वर्षांनी का होईना, त्याला त्या मुलाची आठवण झाली होती. ज्याच्यासाठी रडायचं ते कोण होतं, एवढं कळण्याचा तरी हक्क त्याला होता की नाही? मी माईंना तसं एकदा म्हटलंही. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तू चांगल्या घरातली आहेस," त्या म्हणाल्या. "तुला कळायचं नाही ते."

मला राग आला. वाटलं, ही बाईही त्यांच्यासारखीच झाली आहे.

पुढच्या आठवड्यात भाऊंनी अन्न जवळजवळ सोडलंच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. त्या संध्याकाळी मी पुन्हा रावस आणला. धणे-मिरी कुटली, तुकडे खरपूस भाजले. माई देवघरात दिवा लावत होत्या. मी घास पुढे केला. भाऊंनी तोंड फिरवलं.

"भाऊ, थोडं तरी."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या डाव्या हातात अजून इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"वृंदा," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी आजारपणात पहिल्यांदाच घेतलं होतं. "तू… सांग."

"मला काय माहीत, भाऊ."

"माहीत… आहे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सांग. मुल…गा… होता?"

मी देवघराकडे पाहिलं. माईंची पाठ दिसत होती. मी खाली वाकले आणि भाऊंच्या कानाशी म्हटलं, "मुलगी होती, भाऊ."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आता ते मोठ्याने रडतील, मग हळूहळू शांत होतील, आणि कधीतरी, नीट बोलता आलं की, माईंची क्षमा मागतील, असं सगळं मी मनात धरलं होतं. त्यांची छाती वरखाली होत होती. मग एक लांब श्वास बाहेर पडला. माझ्या मनगटावरची पकड सुटली. इतके दिवस ओढलेला तो अर्धा चेहरा एकदम सैल झाला, झोप लागल्यावर होतो तसा.

"मुलगी," ते म्हणाले. शब्द अगदी स्पष्ट होता. "मग… ठीक."

आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी घास हातात धरून तशीच उभी राहिले. ते तोंड उघडं ठेवून वाट बघत होते. मी हलत नाही असं बघून त्यांनी डाव्या तळव्याने टेबलावर थाप मारली.

मागे वळले तर माई होत्या. कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नव्हतं. त्यांच्या हातात विझवलेली काडेपेटीची काडी होती, ती त्या बोटांत मोडत होत्या.

"मुलगा घालवला आपण, असं वाटत होतं त्याला," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तेवढं एकच लागतं त्याला. मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं संसार केलाय मी. मरेपर्यंत वाटत राहू द्यायचं होतं. एवढं एकच होतं गं माझ्याकडे."

भाऊंनी पुन्हा टेबलावर थाप मारली.

"भरव," माई म्हणाल्या. "भूक लागलीय त्याला."

त्या संध्याकाळी भाऊंनी ताटातला सगळा मासा संपवला, मसाल्याचा चुरासुद्धा बोटाने दाखवून मागून घेतला. रडणं त्या दिवसापासून थांबलं. माईंचा पदर त्यांनी पुन्हा कधी धरला नाही, प्रश्नही विचारला नाही. नळी घालावी लागली नाही. अंग भरलं, गालांवर रंग आला, बोलणंही बरंच परत आलं, आणि तवा चढला की ते आतूनच विचारायचे, आज काय आहे. माई त्यांचं पूर्वीसारखंच सगळं करत होत्या. फक्त त्या जेवायच्या वेळी परसातल्या पायरीवर जाऊन बसायच्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर सबनीस घरी आले. त्यांनी भाऊंना तपासलं, वजन बघितलं, आणि खूश होऊन माझ्याकडे वळले.

"बघा," ते म्हणाले. "मासा मानवला की नाही?"